तीन डब्यांचं गणित

एचआयव्हीसह जगणाऱ्या बहुतेक प्रौढांना आज भारतात दिवसाला एकच गोळी पुरते. टीएलडी हे तिचं आखूड नाव: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५०, तिन्ही एकातच. डबीत ३० गोळ्या. सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रातून, २००४ पासून औषध मोफत मिळतं. पण दर महिन्याला केंद्र गाठायचं म्हणजे एक खाडा, एसटीचं भाडं आणि शेजारीपाजारी विचारतील म्हणून एक नवी सबब.

ज्यांची तब्येत स्थिर आहे आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, त्यांना तीन ते सहा महिन्यांचं औषध एकदम द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऐकायला सोपं आहे. गाडी अडते ती औषधांच्या स्टॉकपाशी.

समजा केंद्रात १,२०० जण एकच गोळी घेतात. महिन्याला १,२०० डब्या लागतात. उद्यापासून सगळ्यांना तीन-तीन द्यायच्या ठरवल्या तर त्याच महिन्यात ३,६०० लागतील आणि कपाट रिकामं होईल. त्यापेक्षा दर महिन्याला ४०० जणांना तीन डब्यांवर आणावं. पहिल्या महिन्यात २,००० डब्या जातात, दुसऱ्यात पहिले ४०० जण येतच नाहीत म्हणून १,६००, तिसऱ्यापासून पुन्हा १,२००. जास्तीच्या लागल्या फक्त १,२००, म्हणजे एका महिन्याचा साठा, आणि तोही एकदाच. सहा महिन्यांच्या वाटपाला याच पद्धतीने अडीच महिन्यांचा साठा लागतो. वर्षाचा एकूण वापर तेवढाच राहतो. केंद्रातलं थोडं औषध लोकांच्या घरी जातं, इतकंच.

घोळ होतो तो मागणीपत्रात. गेल्या महिन्यात २,००० डब्या गेल्या म्हणून पुढच्यासाठीही २,००० मागवल्या, की सहा महिन्यांनी कपाटात मुदत संपत आलेल्या डब्यांचा ढीग. वाटप म्हणजे वापर नव्हे. मागणी रुग्णसंख्येवरून काढायची, गेल्या महिन्याच्या वाटपावरून नाही. आणि देताना तिसऱ्या डबीची मुदत बघायची: ती आज नाही, दोन महिन्यांनी उघडणार आहे.

आता तारीख. तीन डब्या म्हणजे ९० दिवस. तीन महिने नव्हेत, ते बहुतेकदा ९१-९२ दिवसांचे भरतात. आजच्याच तारखेला तीन महिन्यांनी बोलावलं तर एक-दोन दिवस गोळीविना जातात, त्यात रविवार किंवा दिवाळी आली तर आणखी. म्हणून ८४व्या दिवशी बोलवावं. सहा गोळ्या हाताशी राहतात. बीडच्या ऊसतोड कामगाराला तर तारीख कॅलेंडरवरून देऊच नये. तो दिवाळीच्या सुमाराला निघतो आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच परततो. त्याची भेट निघण्याच्या आठवड्यात बसवावी, वार्षिक व्हायरल लोडचं रक्तही तेव्हाच घ्यावं, आणि हिरवं पुस्तक, म्हणजे केंद्राची उपचारांची नोंदवही, सोबत न्यायला सांगावं.

घरी गेल्यावर खरी अडचण आवाजाची. तीन डब्या पिशवीत खुळखुळतात, म्हणून कित्येक जण गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ओततात आणि डबी बाहेरच टाकतात. डबीसोबत ओलावा शोषणारी पुडीही जाते, आणि पावसाळ्यात गोळ्यांना दमटपणा लागतो. त्याऐवजी लेबल सोलावं, रिकाम्या जागेत कोरडा कापूस दाबावा, पुडी तशीच ठेवावी. डबी मोरीजवळ किंवा पत्र्याच्या छपराखाली नको; ३० अंशांच्या आत बरी. आणि एका वेळी एकच उघडायची.

भेटी कमी झाल्या की मधल्या काळातलं विचारायला कुणी नसतं, म्हणून पहिल्याच वेळी सांगून ठेवावं. अ‍ॅसिडिटीचं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं पातळ औषध टीएलडीसोबत घेतलं तर डोल्युटेग्रॅविर पोटातच बांधलं जातं आणि रक्तात कमी उतरतं. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच लागू, मात्र जेवणाबरोबर त्या टीएलडीसोबतच घेतल्या तरी चालतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

खोकला, ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम, यांतलं काहीही सुरू झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, घरात डब्या शिल्लक असल्या तरी. टीबी निघाला आणि त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध सुरू झालं, तर ते डोल्युटेग्रॅविरला झपाट्याने शरीराबाहेर काढतं. मग टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्रॅविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते, आणि ती घरातल्या डब्यांत नसते.