मॉडेल रेल्वेतील रूळनिवड

मॉडेल रेल्वेची मांडणी उभारताना रुळांचे गेज, उंची, धातू, वळणांची त्रिज्या आणि सांध्यांचा प्रकार ठरविणे, यास रूळनिवड म्हणता येईल. येथे सांधा म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळविणारी रचना. दोन रूळ जोडल्याच्या जागेला या नोंदीत जोड म्हटले आहे. इंजिने व डबे पुढे केव्हाही बदलता येतात. खडी चिकटवून पक्का केलेला मार्ग बदलायचा, तर तो उखडावा लागतो.

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर, तर प्रमाण म्हणजे प्रतिकृतीचे खऱ्या गाडीशी गुणोत्तर. १६.५ मिमी गेजवर १:८७ प्रमाणाची एचओ आणि १:७६.२ प्रमाणाची ब्रिटिश ओओ या दोन्ही वर्गांतील गाड्या चालतात. एनचे गेज ९ मिमी (प्रमाण १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये बहुतांशी १:१५०), झेडचे ६.५ मिमी, तर ओचे ३२ मिमी असते.

१६.५ मिमी हे माप कसे आले, याविषयी दोन मते आढळतात. ओ गेज निम्मे करून ते निघाले, हे मत अधिक प्रचलित आहे. एचओ या नावातील एच ‘हाफ’चाच आहे. १९२२च्या सुमारास जर्मनीतील बिंग कारखान्याने ब्रिटनच्या बॅसेट-लोक कंपनीसाठी काढलेल्या टेबलावरच्या रेल्वेचे गेज सुमारे १६ मिमी होते, हे या मताला पूरक ठरते. परंतु ३२चे निम्मे १६ होतात, १६.५ नव्हे. उलट फुटाला ३.५ मिमी धरून खऱ्या रेल्वेच्या प्रमाणित गेजचे, म्हणजे ४ फूट ८.५ इंचांचे (१,४३५ मिमी), रूपांतर केल्यास १६.४८ मिमी येतात. म्हणजे निम्मे केले गेले ते गेज नसून ओचे फुटाला ७ मिमी हे प्रमाण असावे, हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटिश इंजिने मुळात आटोपशीर असल्याने त्या काळच्या मोटारी ३.५ मिमी प्रमाणाच्या सांगाड्यात मावत नसत. तेथे गाडीचे प्रमाण फुटाला ४ मिमी केले गेले आणि रूळ तेच राहिले. त्यामुळे ओओचा मार्ग खऱ्या मापात १,४३५ऐवजी १,२५७ मिमी भरतो. हा अरुंदपणा ज्यांना खटकतो, त्यांच्यासाठी १८.२ मिमीचे ईएम आणि १८.८३ मिमीचे पी-४ ही गेजे आहेत; पण त्यासाठी तयार गाड्यांची चाके बदलावी लागतात.

रुळाची उंची ‘कोड’ने सांगतात. कोड म्हणजे इंचाचे हजारांश: कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ८३ म्हणजे २.१ मिमी, कोड ७५ म्हणजे १.९ मिमी. युरोपातील यूआयसी ६० हा खरा रूळ १७२ मिमी उंच असतो. १:८७ प्रमाणात तो १.९८ मिमी होतो. म्हणजे एचओत कोड ७५ किंचित ठेंगणा आणि कोड ८३ किंचित उंच पडतो, तर कोड १०० खऱ्या मापात २२१ मिमी भरतो. एनमधील कोड ८० तर ३२५ मिमींचा होतो. तेथे कोड ५५ पुष्कळच बरा दिसतो. पेको या रूळ-उत्पादक कंपनीच्या एन गेज कोड ५५ रुळाचा खालचा भाग स्लीपरमध्ये बुडविलेला असल्याने दिसताना तो बारीक दिसतो, पण मजबुती जाड रुळाची राहते. ही युक्ती विशेष दाद देण्याजोगी आहे.

बारीक रूळ घेण्यापूर्वी जुन्या चाकांच्या कडा तपासाव्यात. अमेरिकेतील एनएमआरए या १९३५मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या आरपी-२५ शिफारशीनुसार एचओ चाकाची कड सुमारे ०.६४ मिमी खोल असते, तर जुन्या युरोपीय व ब्रिटिश चाकांच्या कडा याहून बऱ्याच खोल असत. असा डबा बारीक रुळावर हाताने हळू ढकलला, की कड स्लीपरवरील खिळ्यांच्या डोक्यांना घासून टकटक आवाज येतो. संग्रहात अशी चाके अनेक असतील, तर कोड १०० घेण्यात कमीपणा नाही.

धातूंमध्ये पितळ आणि पोलाद आता मागे पडून जर्मन सिल्व्हर रूढ आहे. हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी नसते. त्याचे ऑक्साइड वीजवाहक असते म्हणून तो श्रेष्ठ, असे बऱ्याच पुस्तिकांत छापलेले आढळते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे: निकेलचे ऑक्साइड सामान्य तापमानाला चांगले वाहक नाही. हा मिश्रधातू सावकाश काळवंडतो आणि पोलादासारखा गंजत नाही, हे कारण पुरेसे आहे. वाहकतेत तर तो पितळाच्या मागेच आहे. शुद्ध तांब्याच्या तुलनेत पितळ सुमारे २८ टक्के, तर १८ टक्के निकेलचे जर्मन सिल्व्हर जेमतेम ६ टक्के वीज वाहते. म्हणून केवळ जोडपट्ट्यांवर विसंबू नये; प्रत्येक लांब तुकड्याला स्वतंत्र तार डाख देऊन जोडावी. बागेतील ४५ मिमी गेजच्या मार्गांवर मात्र जाड पितळी रूळ अजून वापरतात.

तयार तुकड्यांचे रूळ जमिनीवर मांडून पुन्हा गोळा करता येतात. काटो कंपनीचा युनिट्रॅक आणि मार्कलिन कंपनीचा सी-ट्रॅक यांना खालची खडीही साच्यातच घडविलेली असते. लवचीक रूळ सुमारे ९१४ मिमी लांबीचे मिळतात व हवे तसे वाकविता येतात. लांब मार्गावर प्रसरणासाठी फट ठेवावी: १० मीटर रूळ २० अंश सेल्सिअस तापमानवाढीला सुमारे ३.३ मिमी वाढतो. लाकडी चौकट दमट-कोरड्या हवेने हलते, तो परिणाम बहुधा याहून मोठा असतो.

एचओतील ४५७ मिमी त्रिज्येचे प्रचलित वळण खऱ्या मापात ४० मीटरांचे होते. खऱ्या मुख्य मार्गावर इतके तीव्र वळण नसते. सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट त्रिज्या, हा ढोबळ नियम उपयुक्त आहे: २६.४ मीटरांचा डबा पूर्ण लांबीने केल्यास ३०३ मिमी भरतो, म्हणजे ९०० मिमींच्या आसपास त्रिज्या हवी. एवढी जागा नसेल, तर आखूड डबे घ्यावेत.

गाडी घसरते किंवा थांबते ती बहुधा सांध्यावर. सांध्यांवर खर्च आखडता घेऊ नये. अमेरिकी सांध्यांचा क्रमांक त्यांचे मार्ग किती कोनात फुटतात ते सांगतो: ४ क्रमांकाचा सांधा सुमारे १४.३ अंशांनी फुटतो, ६ क्रमांकाचा ९.५ अंशांनी. दोन रूळ एकमेकांना छेदतात तो फ्रॉग प्लॅस्टिकचा असेल, तर जोडणी सोपी. परंतु आखूड चारचाकी शंटिंग इंजिन मंद गतीने त्यावर आले, की एका बाजूची वीज तुटून तिथेच थबकते. धातूच्या फ्रॉगवर ही अडचण येत नाही, मात्र सांधा फिरवताना फ्रॉगची ध्रुवताही बदलणारा स्विच लावावा लागतो. मार्कलिनच्या तीन-वाहक पद्धतीत, जेथे दोन रुळांच्या मधोमध असलेल्या धातूच्या टिकल्यांमधून वीज घेतली जाते, दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असल्याने परतीचा फेरमार्गही (गाडी वळून त्याच मार्गावर उलट दिशेने परतते असा) शॉर्टसर्किट न होता टाकता येतो. मात्र या मार्गावर इतरांची दोन-रुळी इंजिने चालत नाहीत.