फॉइल कार्डांचा संग्रह

काल्पनिक जगातील जादूगार, राक्षस, ड्रॅगन यांच्या पत्त्यांच्या खेळांतली चमकती कार्डे जमवण्याचा छंद. साध्या कार्डात नुसता छापील पुठ्ठा असतो. फॉइल कार्डात त्यावर धातूची झाक असलेला अतिपातळ पापुद्रा असतो. कार्ड तिरपे केले की रंग हलतात. वेफर्सच्या पाकिटातल्या टॅझो जमवलेल्या पिढीला ही ओढ समजावून सांगावी लागत नाही.

रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला, पण त्याच्या पाकिटांत फॉइल कार्डे निघू लागली ती १९९९ च्या ‘उर्झाज लेगसी’ संचापासून. पोकेमॉनच्या कार्डांत (जपान, १९९६) चमक पहिल्यापासूनच होती. इंग्रजीतल्या मूळ संचात १०२ पैकी १६ कार्डांचे चित्र चमकते. चित्र साधे आणि भोवतालचा भाग चमकता, ही उलटी तऱ्हा २००२ मध्ये आली. खेळताना फॉइलची ताकद साध्या कार्डाइतकीच. जास्तीचे पैसे पडतात ते दुर्मिळतेचे आणि कोऱ्या करकरीत कडांचे.

सातारा जिल्ह्यात या छंदाची खरी झुंज हवेशी असते. दमट हवेत पुठ्ठा ओलावा ओढून पसरतो, पापुद्रा पसरत नाही. मग कार्डाच्या कडा चित्राच्या बाजूला उचलल्या जातात. कोरड्या हवेत पुठ्ठा आकसतो आणि चित्राची बाजू घुमटासारखी फुगते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे जुलैत महाबळेश्वरी वाटी झालेले कार्ड मे महिन्यात माणमधल्या म्हसवडला घुमट होऊ शकते.

जाड पुस्तकाखाली दाबून ठेवणे हा घरोघरचा उपाय, पण तो टिकत नाही, कारण पुठ्ठ्यातला ओलावा आहे तिथेच राहतो. तांदळाच्या डब्यात कार्डे पुरणे तर वाईटच. पिठाची धूळ पृष्ठभागावर बसते. कार्ड पारदर्शक स्लीव्हमध्ये (प्लॅस्टिकच्या पाकिटात) घालून, बुटांच्या खोक्यातून निघतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे बरे. पुड्या मात्र बेतानेच टाकाव्यात, नाहीतर कार्ड उलट्या बाजूला वळते. स्पर्धेत खेळणाऱ्याला हे जास्तच सांभाळावे लागते : गठ्ठ्यात वाकलेले कार्ड पाठीवरूनच ओळखू आले, तर पंच ते खुणेचे कार्ड ठरवू शकतात.