ताकायासू धमनीशोथ : मेंदूवरील परिणाम

महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतींना दीर्घकाळ सूज राहून त्या जाड व अरुंद होत जाण्याच्या दुर्मिळ विकाराला ताकायासू धमनीशोथ म्हणतात. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या स्त्रिया असतात. जपानमधील कानाझावाचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांचे विचित्र कडे असल्याचे नोंदवले. अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे ओनिशी व कागोशिमा या जपानी डॉक्टरांनी सांगितले. ‘नाडीहीन रोग’ हे नाव त्यावरून पडले.

मेंदूला त्रास मुख्यतः दोन वाटांनी होतो, आणि त्या जवळजवळ उलट आहेत. मानेतील कॅरोटिड धमन्या अरुंद झाल्या की रक्त कमी पडते. उभे राहताच अंधारी येते, थोडा वेळ जीभ जड होते, कधी अर्धांगवायूचा झटका येतो. हाताला रक्त पुरवणारी सबक्लेव्हियन धमनी उगमापाशीच अरुंद असेल, तर आणखी चमत्कारिक प्रकार घडतो. दोरीवर कपडे वाळत घालताना हाताला जास्त रक्त लागते. ते मेंदूकडे निघालेल्या व्हर्टिब्रल धमनीतून उलटे खाली ओढले जाते. हात भरून येतो आणि घेरी येते. अशी घेरी ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून दिली जाणे अवघड नाही.

दुसरी वाट मूत्रपिंडातून जाते. त्याची धमनी अरुंद झाली की रक्तदाब चढतो. त्यातून तीव्र डोकेदुखी, आकडी, क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. भारतीय रुग्णांत पोटातील महाधमनी जपानी रुग्णांपेक्षा अधिक वेळा बाधित आढळते, म्हणून ही वाट इथे महत्त्वाची. पंचाईत अशी, की दंडाची धमनी अरुंद असल्यास तिथल्या पट्ट्यावर दाब कमीच दिसतो. त्यामुळे दोन्ही हातांचा आणि मांडीचाही दाब मोजावा लागतो.

उपचारांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन, काहींना टोसिलिझुमॅब देतात. ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून आपल्याकडे त्याआधी क्षयरोग तपासणे आवश्यक ठरते. फुग्याने धमनी रुंद करणे किंवा बायपास शक्यतो सूज शमल्यावरच करतात. वर्षानुवर्षे कमी रक्तावर राहिलेल्या मेंदूत प्रवाह एकदम वाढला, तर सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो; म्हणून मानेतल्या धमनीवरील शस्त्रक्रियेनंतर काही दिवस रक्तदाब कडेकोट सांभाळतात.