मूलपेशी : प्रकार, वैद्यकीय उपयोग आणि विदर्भाचा संदर्भ

मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणजे अजून कोणत्याही एका कामाला न लागलेली पेशी. तिच्या अंगी दोन गुण एकत्र असावे लागतात. विभागताना स्वतःसारखी पेशी मागे ठेवता आली पाहिजे, आणि गरज पडेल तेव्हा ठरावीक कामाची पेशीही घडवता आली पाहिजे. तांबड्या रक्तपेशीत यांतले काहीच नसते. तिच्यात केंद्रकच नाही, त्यामुळे तिला विभागता येत नाही आणि साधारण १२० दिवसांत ती मोडीत निघते. तरी रक्त आटत नाही, कारण हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात आणि त्यांच्या वंशातून दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात.

नागपुरात हा शब्द साधारण दोन ठिकाणी कानावर पडतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाच्या आईवडिलांना डॉक्टर ‘बीएमटी’, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, समजावून सांगतात तेव्हा. आणि गुडघेदुखीपासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर इलाज असल्याचे सांगणाऱ्या जाहिरातींत. पहिला उपचार गेली पाच-सहा दशके पारखला गेलेला आहे, दुसऱ्यातले बहुतेक दावे अजून सिद्ध झालेले नाहीत. म्हणून या नोंदीत रक्ताच्या मूलपेशींना जास्त जागा दिली आहे.

शोध

मूलपेशींचा पक्का पुरावा किरणोत्साराच्या अभ्यासातून, काहीसा आडवाटेने, हाती आला. कॅनडातील टोरांटो येथे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स टिल आणि डॉक्टर अर्नेस्ट मॅकलॉक उंदरांना मारक मात्रेत किरणे देऊन मग निरोगी उंदरांची मज्जा टोचत होते. दहा-अकरा दिवसांनी या उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसल्या. जितकी मज्जा जास्त टोचावी, तितक्या गाठी जास्त. १९६१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते हे १९६३ पर्यंत दाखवून दिले.

गंमत म्हणजे या पेशींची ओळख पटण्याआधीच डॉक्टर त्या वापरू लागले होते. अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्येच रुग्णांना शिरेतून मज्जा देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. सुरुवातीचे बहुतेक प्रयत्न फसले, कारण दात्याची आणि रुग्णाची ऊती कशी जुळवायची हे तेव्हा माहीत नव्हते. पेशींच्या पृष्ठभागावरच्या एचएलए खुणा समजू लागल्या तसे यश वाढले. थॉमस यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मज्जारोपणाची सुरुवात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केली. त्यानंतर १९८६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे काम उभे राहिले आणि विदर्भातली कित्येक कुटुंबे पुढे याच दोन गावांच्या वाटेला लागली.

प्रकार

मूलपेशींची वर्गवारी दोन प्रकारे करतात: त्या कुठून मिळाल्या यावरून, आणि त्यांच्यापासून काय काय घडू शकते यावरून. गर्भधारणेनंतर पाच-सहा दिवसांच्या भ्रूणगोलाच्या आतल्या पेशींपासून शरीरातली कोणतीही पेशी घडू शकते. या भ्रूणीय मूलपेशी. उंदराच्या अशा पेशी १९८१ मध्ये आणि माणसाच्या १९९८ मध्ये, विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत, वेगळ्या काढून वाढवण्यात आल्या. त्या मिळवताना भ्रूण नष्ट होतो, म्हणून जगभर नैतिक वाद झाला.

त्या वादाला बरीचशी बगल दिली ती जपानच्या शिन्या यामानाका यांनी. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या त्वचापेशीत चार जनुके घालून तिला भ्रूणीय अवस्थेसारखी करून दाखवले. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींतही ते जमले. या प्रेरित मूलपेशींना आयपीएस पेशी म्हणतात. २०१२ चे नोबेल यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यापासून जिवंत टॅडपोल, म्हणजे बेडकाचे पिल्लू, मिळवले होते, म्हणजे घडून गेलेली पेशीही मागे वळवता येते याची पहिली चाहूल त्यांच्याच कामात होती.

तिसरा गट प्रौढ शरीरातल्या मूलपेशींचा. ‘प्रौढ’ म्हटले तरी त्या तान्ह्या बाळातही असतातच. त्यांचा आवाका मर्यादित असतो: रक्ताची मूलपेशी रक्तपेशीच घडवते, आतड्याची मूलपेशी आतड्याचे अस्तरच दर चार-पाच दिवसांनी नवे करते. मज्जेत आणि चरबीत सापडणाऱ्या मेसेन्कायमल पेशींपासून हाड, कूर्चा आणि चरबी घडू शकते. जाहिरातींतल्या ‘स्टेम सेल’ बहुधा याच असतात, कारण पोटाच्या चरबीतून त्या सहज काढता येतात.

रक्ताच्या मूलपेशींचे रोपण

ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे रक्ताचे कर्करोग, अप्लास्टिक अॅनिमिया (मज्जा निकामी होण्याचा आजार), थॅलेसेमिया, सिकलसेल आणि काही जन्मजात प्रतिकारदोष यांत हे रोपण करतात. पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असू शकतात. मायलोमात बहुधा तसेच करतात. मात्र आजार जनुकातच असेल तर दुसऱ्याच्या पेशी लागतात. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आईवडिलांशी साधारण निम्मेच जुळते. अशा अर्ध्या जुळणीवरही आता रोपण करतात, पण त्यात गुंतागुंत जास्त असते.

लोकांच्या मनात हे मोठे ऑपरेशन असते. खरे तर रुग्णावर शस्त्रक्रिया होतच नाही. मज्जा दात्याची काढतात: त्याला भूल देऊन पालथे निजवतात आणि कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेत जाड सुई घालून थोडी थोडी ओढून घेतात. पिशवीत जमा होते ते रक्तासारखेच दिसते, जरा दाट. वर चरबीचे थेंब तरंगतात, हाडाचे बारीक कण असतात, ते गाळून काढतात. दुसरी रीत म्हणजे दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शने देऊन मूलपेशी मज्जेतून रक्तात आणायच्या आणि प्लेटलेट काढतात तशा यंत्रावर वेगळ्या करायच्या. दात्याची कंबर काही दिवस ठणकते, त्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

रुग्णाचे खरे हाल आधीच्या आठवड्यात होतात. तीव्र केमोथेरपीने त्याची जुनी मज्जा साफ केली जाते. मग एका दिवशी, रक्त चढवावे तशी, ती पिशवी लावतात आणि काही तासांत रोपण आटोपते. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील तर त्यांच्यातल्या डीएमएसओ या रसायनामुळे खोलीत लसणासारखा वास येतो आणि एकदोन दिवस रुग्णाच्या श्वासालाही येत राहतो. पेशी आपसूक हाडांत जाऊन बसतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे सगळे घर ‘काउंट आले का’ एवढेच विचारत असते, कारण पांढऱ्या पेशी वर येईपर्यंत साधा जंतूही जिवावर बेतू शकतो.

काटोल-नरखेडच्या बागायतदाराला यातली मेख चटकन समजेल. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला की मूळ जंबेरीचे राहते आणि फळ संत्र्याचे येते. रोपणानंतर शरीर रुग्णाचेच असते, रक्त मात्र दात्याच्या वंशाचे होते. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर रुग्णाचा रक्तगटही काही महिन्यांत बदलतो. पण नव्या प्रतिकारपेशींना हे शरीर परके वाटले तर त्या त्वचा, यकृत आणि आतड्यांवर उलटतात. ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट नावाच्या या उपद्रवामुळे रोपणाची धास्ती अजून टिकून आहे. केमोथेरपीने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, हेही आधी सांगितले गेले पाहिजे. ते नेहमी पुरेसे सांगितले जात नाही.

सिकलसेल आणि नागपूर

मध्य भारतातील सिकलसेलच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक नागपूरची आहे. शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध केली. विदर्भातल्या गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत तसेच बौद्ध, कुणबी, तेली अशा समाजांतही हा दोष आढळतो. काही गटांत वाहकांचे, म्हणजे एकच सदोष जनुक असलेल्यांचे, प्रमाण २० टक्क्यांपलीकडे गेलेले आहे. शहरात जरीपटक्याच्या सिंधी वस्तीत थॅलेसेमियाचे वाहक जास्त, म्हणजे नागपूरला रक्ताचे दोन्ही आनुवंशिक आजार सांभाळावे लागतात.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरे येते. एवढ्या एका फरकाने, ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे तंतू होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते आणि हातापायांत असह्य दुखणे उठते. अशी पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवसच टिकते. तपासणीची पहिली पायरी स्वस्त आहे: सोल्युबिलिटी टेस्टमध्ये थेंबभर रक्त द्रावणात मिसळून नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन त्या झाकल्या गेल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, हे मात्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनीच कळते. वाहकाला सहसा त्रास नसतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि तिचा मोठा भर अशा चाचण्यांवर आहे.

मज्जारोपणाने सिकलसेल बरा होतो हे योगायोगाने कळले. अमेरिकेत एका आठ वर्षांच्या मुलीला ल्युकेमियासाठी मज्जा दिली. तिला सिकलसेलही होता, तोही गेला. हा वृत्तान्त १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. जुळणाऱ्या भावंडाच्या मूलपेशी मिळालेल्या १,००० रुग्णांचा आंतरराष्ट्रीय आढावा २०१७ मध्ये आला, त्यात पाच वर्षांनंतर सुमारे ९३ टक्के रुग्ण हयात होते, आणि वय जितके कमी तितका निकाल चांगला होता. दाता असलेला भाऊ किंवा बहीण स्वतः वाहक असली तरी चालते. पुष्कळ घरांना हे ठाऊकच नसते आणि ‘तिलाही थोडा आहे’ म्हणून जुळणाऱ्या बहिणीची तपासणीसुद्धा होत नाही.

प्रत्येक रुग्णाला रोपण लागत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि दुखण्याचे झटके कमी करते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे इथल्या बोलीतल्या ‘मेडिकल’मध्ये, लहान मुलांवर कमी, ठरावीक मात्रेच्या वापराचा अभ्यास झालेला आहे. दर आठवड्याला रक्त तपासायला शहरात येणे परवडत नाही त्यांच्यासाठी असा अभ्यास मोलाचा. रोपणाचा खर्च लाखांत जातो. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेतून १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. तिच्यासाठी जुळणारा घरचा दाता आणि वयाची, उत्पन्नाची अट असते.

दाता नसलेल्यांसाठी आता तिसरी वाट निघाली आहे. रुग्णाच्याच मूलपेशी काढून क्रिस्पर या जनुके कापून बदलण्याच्या तंत्राने त्यांतले बीसीएल११ए हे जनुक मंद करायचे आणि त्या परत द्यायच्या. मग शरीर पुन्हा गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बनवू लागते. ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. ती गडचिरोलीच्या कुणाला सांगण्यातही अर्थ नाही. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत स्वस्त देशी उपचारावर काम चालू आहे. केमोथेरपी मात्र यातही चुकत नाही.

इतर उपयोग

डोळ्यांच्या बाबतीत भारताचे काम खरोखर पुढचे आहे. चुना किंवा आम्ल उडून बुबुळाच्या कडेवरच्या मूलपेशी जळाल्या तर दृष्टी जाते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने दुसऱ्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन, त्याचे कण थेट जखमी बुबुळावर लावण्याची सोपी पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. तिला वेगळी प्रयोगशाळाही लागत नाही. भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचेच्या पेशी वाढवून लावणे १९८० च्या दशकापासून चालू आहे. मेसेन्कायमल पेशींच्या ‘स्टेमप्यूसेल’ या बंगळुरूच्या उत्पादनाला २०१६ मध्ये बर्गर रोगासाठी, म्हणजे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या आजारासाठी, मर्यादित परवानगी मिळाली. टाइप १ मधुमेहात मूलपेशींपासून घडवलेल्या इन्सुलिन पेशी दिल्यावर १२ पैकी १० रुग्णांचे इन्सुलिन सुटल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात.

दावे, नाळरक्त आणि नियम

नाळेतल्या रक्तातही मूलपेशी असतात. त्यांचे पहिले रोपण पॅरिसमध्ये १९८८ साली झाले. प्रसूतिगृहांत वाटल्या जाणाऱ्या खासगी बँकांच्या माहितीपत्रकांत हे असते. त्यांत नसते ते असे, की बाळाला पुढे सिकलसेल किंवा थॅलेसेमिया निघाला तर त्याच्याच नाळेतल्या पेशींतही तोच दोष असणार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, स्वतःच्या भावी वापरासाठी नाळरक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे. घरात आधीच आजारी मूल असेल आणि पाठचे भावंड येणार असेल, तर त्या नाळरक्ताला अर्थ आहे.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या विकारांसाठीचे रोपण सोडून इतर वापर परवानगी मिळेपर्यंत संशोधनच समजायचे. निर्धास्तपणे टोचलेली स्वतःची पेशीसुद्धा घातक ठरू शकते. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकात चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्यावर तीन महिलांची दृष्टी गेली; २०१७ मध्ये ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते. खऱ्या वैद्यकीय चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत आणि भारतात तिची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत आधी करावी लागते. तिथे दिलेल्या क्रमांकाची सुरुवात सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना अशी होते, आणि तो संकेतस्थळावर टाकून चाचणी कुठे व कशाची चालू आहे हे कुणालाही पाहता येते.