धुतलेल्या शर्टालाही काखेत वास का येतो?

(शहापूर, बेळगाव येथील आमच्या लाँड्रीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"परवाच धुऊन नेलेला शर्ट, घातला की तासाभरात पुन्हा तोच वास!" पावसाळ्यात ही तक्रार काउंटरवर हमखास येते. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांकडून तर बारा महिने. काही जण असा शर्ट लाजून पिशवीच्या तळाशी ठेवतात. लाजू नका, ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो.

अंगभर सुटणारा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. काखेत मात्र वयात आल्यावर कामाला लागणाऱ्या वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांचा स्राव स्निग्ध असतो आणि त्यावर काखेतल्या ओलसर उबेतले जिवाणू जगतात. स्टॅफिलोकोकस होमिनिस नावाचा जिवाणू त्यातला एक बिनवासाचा घटक आत घेतो, एन्झाइमच्या मदतीने तोडतो आणि गंधक असलेला तुकडा बाहेर सोडतो. कांद्यासारखा उग्र दर्प येतो तो याचाच. हे एन्झाइम कसं काम करतं, ते इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली उलगडलं. कोरिनेबॅक्टेरियम गटातले जिवाणू वासाच्या आम्लांची भर घालतात. चीन, कोरियाकडच्या बहुतेक लोकांमध्ये एका जनुकाच्या फरकामुळे हा वास फारच कमी असतो. तेव्हा कुणाला वास आला की "आंघोळ करत नाही" म्हणणं बरं नव्हे.

आता कपड्याचं. पॉलिस्टर पाणी फारसं शोषत नाही, पण तेलकटपणा घट्ट धरतं. म्हणून पॉलिस्टर मिसळलेल्या टेरिकॉटपेक्षा सुती शर्ट लवकर निवळतो. घरी धुताना शर्ट उलटा करा, काखेच्या भागाला साबण लावून अर्धा तास ठेवा, मग धुवा. आपल्याकडच्या झडीत कपडे खोलीत दोन-दोन दिवस दमट राहतात. निदान पंख्याखाली तरी वाळवा. घातलेल्या शर्टावर नुसती इस्त्री फिरवू नका, उष्णतेने वास उठतो. अत्तर मारून तो जात नाही, त्यात मिसळतो.

रेशमी आणि खणाच्या ब्लाऊजांना ब्लीच अजिबात नको. ड्राय क्लीनिंगने तेल निघतं, पण घामातलं मीठ पुरतं निघत नाही, म्हणून असा कपडा देताना घामाचा डाग आहे असं आधी सांगा. काखेचा भाग आम्ही वेगळा हाताळतो, त्याचे जादा पैसे नाहीत. फक्त कपडा महिनाभर गाठोड्यात बांधून आणू नका.