अहिराणीमुळे मुलांचे वाचन बिघडते का? एक खुलासा
उन्हाळी सुट्टीत मुले आजोळी राहिली आणि दिवसभर अहिराणी बोलली की त्यांचे मराठी वाचन बिघडते, असा समज खानदेशात वर्षानुवर्षे रूढ आहे. तो खरा नाही. वाचन मंदावते ते सरावात खंड पडल्यामुळे. अमेरिकेत १९९६ साली हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी ३९ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा दीर्घ सुट्टीनंतर मुलांची कामगिरी सरासरीने घसरलेली आढळली आणि वाचनातील ही घसरण अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांत अधिक दिसली.

अहिराणी देवनागरीतच लिहिली जाते, त्यामुळे अक्षरओळख दोन्हीकडे उपयोगी पडते. शिवाय आजीची गोष्ट ऐकताना वाढणारी समज पुढे पुस्तक वाचतानाही कामी येते. आजीला गप्प करून मुलाला पाठ्यपुस्तकापुढे बसवणे हा तर उफराटा उपाय झाला. त्यापेक्षा घरी आलेली लग्नपत्रिका (मे महिन्यात त्यांना काय तोटा!) मुलाला मोठ्याने वाचायला द्यावी, ‘ज्येष्ठ’पाशी ते अडखळले, तर शब्द लगेच न सांगता ‘ज’ला ‘य’ कसा जोडला आहे ते बोटाने दाखवावे, तीच ओळ पुन्हा वाचून घ्यावी आणि लग्न कोणाचे, कुठे, किती वाजता, हे त्याला खुशाल अहिराणीत सांगू द्यावे.