काठी चुकीच्या हातात

आमच्या आत्याचा उजवा खुबा दुखतो, म्हणून ती काठी उजव्या हातात धरायची. घरात कोणालाच त्यात काही गैर वाटलं नाही, मलापण नाही. मालिकांमधले आजोबासुद्धा दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात की. मग फिजिओथेरपिस्ट घरी आल्या. त्यांनी आत्याला स्वयंपाकघरात ओट्याला बोटं टेकवून उभं केलं, स्वतः मागे स्टुलावर बसल्या, कमरेच्या दोन्ही हाडांवर एकेक अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, आता डावा पाय उचला बरं." पाय उचलला आणि त्यांचा डावा अंगठा सरळ दोन बोटं खाली गेला. दुखतोय उजवा आणि घसरतेय डावी बाजू!

ही टेस्ट फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जनने १८९५ साली लिहून ठेवली. तेव्हा एक्स-रे नव्हता, तो त्याच वर्षी नोव्हेंबरात सापडला. जन्मतःच खुबा निखळलेली माणसं बदकासारखी डुलत का चालतात हे त्याने नुसतं मागून बघून ओळखलं.

आता मला आवडणारा भाग, जरा धीर धरा. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर असतो. तेव्हा खुब्याचा सांधा हा टेकू, त्याच्या आतल्या बाजूला शरीराचा भार आणि बाहेरच्या बाजूला ग्लूटिअस मिडिअस नावाचा स्नायू, जो कमरेचं हाड खाली ओढून धरतो. म्हणजे शाळेतली पहिल्या प्रकारची तरफ, बागेतला सी-सॉ. पण हा सी-सॉ बेइमान आहे, कारण भार टेकूपासून साधारण १० सेंटीमीटरवर आणि स्नायू जेमतेम ५ वर. माणूस ६० किलोचा धरा. ज्या पायावर उभा आहे तो सोडला (एक पाय म्हणजे वजनाचा अंदाजे सहावा भाग) तर उरले ५० किलो. अंतर निम्मं म्हणून स्नायूला ओढावे लागतात १०० किलो, आणि टेकूवर दोन्ही मिळून येतात १५०! वजनाच्या अडीच पट. हे नुसतं कागदावरचं नाही बरं का, बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यातच सेन्सर बसवून मोजलं तर साध्या चालण्यात आकडा वजनाच्या २.४ पटीच्या आसपास आला.

स्नायू कमजोर असला की त्याला ते १०० किलो पेलवत नाहीत आणि पलीकडची बाजू खाली लटकते. मग शरीर स्वतःच जुगाड करतं, धड दुखऱ्या बाजूला झुकवतं, म्हणजे भार टेकूजवळ येतो. आपण त्याला लंगडणं म्हणतो.

आता काठी डाव्या हातात द्या. ती उजव्या खुब्यापासून ४० सेंटीमीटर तरी लांब पडते. तिच्यावर फक्त ५ किलो जोर दिला की ५ गुणिले ४० म्हणजे २००, लागत होते ५० गुणिले १० म्हणजे ५००, उरले ३००, भागिले ५, म्हणजे स्नायूला आता ६० किलोच ओढायचेत. ५० मधले ५ काठीने घेतले, उरले ४५, त्यात स्नायूचे ६०, म्हणजे सांध्यावर १५० च्या जागी १०५. प्रत्यक्ष चालताना एवढी घसघशीत सूट मिळत नाही, पण दिशा तीच. आणि काठी उजव्याच हातात असेल तर तुम्ही सी-सॉ चुकीच्या बाजूने वर ढकलताय, मग तोल सावरायला अजून झुकावं लागतं. (गणितात हरवला असाल तर एवढंच धरा, काठी चांगल्या बाजूच्या हातात आणि ती दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकायची.)

जाता जाता एक. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घ्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. बहुतेक उसण काही दिवसांत आपोआपच कमी होते आणि श्रेय लाथेला जातं. गंमत म्हणजे पायाळू बाळांमध्येच जन्मजात खुबा सैल किंवा निखळलेला असण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे त्याच्याकडून लाथ घेण्याआधी लहानपणी त्याचाच खुबा कोणी तपासला होता का ते विचारा! बाळाचे पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळणंही अशा खुब्याला वाईट, उलट कडेवर पाय फाकवून बसवणं चांगलं.

उपचार म्हटलं तर आत्याची घोर निराशा झाली. तिला शेक हवा होता, करंट हवा होता, निदान एखादं मशीन तरी. मिळालं काय तर डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय वर उचलायचा, दहाचे तीन सेट. आणि त्यातही आत्या चोरी करायची, पंजा छताकडे फिरवून कंबर हळूच मागे टाकायची, म्हणजे पाय उंच जातो पण काम मांडीच्या पुढचे स्नायू करतात, मिडिअस मात्र आरामात. म्हणून आता पाठ भिंतीला टेकवून आणि टाच भिंतीला घासत वर न्यायची असं ठरलंय. पाय आधीच्या निम्माच उचलला जातो आणि पाचव्या वेळेलाच ती "बाई गं" म्हणते, म्हणजे बरोबर चाललंय. स्नायूत जोर यायला दोनेक महिने धरून चाला असं सांगितलंय.

हो, आणि काठी लांबही होती. हात सैल सोडून उभं राहिलं की मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी, आत्याची चार बोटं वर निघाली. खालून कापून आणली आणि नवीन रबरी बूच बसवलं.